कबुतराची मान आणि मेंदूचे इंधन



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, ते आयुष्यभर शास्त्र शिकवीत राहिले. म्हणून मी आज एका प्रयोगाविषयीच बोलणार आहे.

१८९० च्या दशकात जावा बेटावर आयक्मन यांनी दाखविले की, सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या सुधारतात. ही कथा आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. तिचा उत्तरार्ध मला अधिक विलक्षण वाटतो. तो मात्र क्वचितच सांगितला जातो.

ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स कबुतरांवर काम करीत होते. सडीक तांदळावर ठेवलेल्या कबुतराची मान काही आठवड्यांत पाठीकडे ताणली जाते, चोच आकाशाकडे वळते. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, टोचले की तोच पक्षी काही तासांत सावरतो. मेंदूच्या पेशी मेल्या असत्या, तर हे इतक्या त्वरेने कसे घडले असते? पीटर्स यांनी आजारी कबुतराच्या मेंदूचा अंश काचपात्रात घेऊन त्यास ग्लुकोज दिले. निरोगी मेंदूच्या मानाने तो प्राणवायू कमी घेत होता. त्याच पात्रात थायमिनचा लेशमात्र घालताच प्राणवायूचा वापर वाढला. तेथे रक्ताभिसरण नव्हते, यकृत नव्हते. म्हणजे उणीव मेंदूतच होती, आणि ती रचनेची नसून रसायनाची होती. या अवस्थेस त्यांनी ‘जैवरासायनिक विकृती’ म्हटले.

कारण असे : ग्लुकोजपासून झालेले पायरुव्हेट पुढे जाळण्यास थायमिन लागते. आपला मेंदू देहाच्या वजनाचा सुमारे दोन टक्के, पण प्राणवायू वापरतो वीस टक्के. इंधन भरपूर आणि ते पेटविणारे साधन नाही, अशी त्याची गत होते.

परंतु ही मुभा अल्पकाळच असते. अमेरिकेतील लोकरी कातड्यांसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना १९३० च्या दशकात कच्चे मासे खाऊ घातले जात. काही माशांतील एक विकर थायमिन नष्ट करते. त्या कोल्ह्यांच्या मेंदूत रक्तस्राव आढळले. वेर्निके यांनी १८८१ मध्ये माणसात वर्णिलेल्या विकृतीशी त्यांचे साम्य होते. तेथवर पोहोचल्यावर टोचणीचा उपयोग मर्यादित. (कबुतराची मान माणसात वळत नाही, हेही ध्यानी असावे, माणसाचे डोळे स्थिरावत नाहीत, चाल डळमळते, भान हरपते. प्राण्यावरून कार्यकारण कळते, लक्षणे रुग्णाकडेच पाहावी लागतात.)

आपल्या देहात थायमिनचा साठा जेमतेम तीस मिलिग्रॅमचा, दोन-तीन आठवड्यांपुरता. दीर्घकाळ उलट्या होणाऱ्या गर्भवतीला किंवा मद्यपी रुग्णाला नुसते ग्लुकोज चढविणे म्हणजे पीटर्स यांच्या काचपात्राचाच प्रयोग जिवंत माणसावर करणे होय. ग्लुकोजच्या आधी, निदान त्यासोबत, थायमिन द्यावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला खर्चही नगण्यच येतो.

कबुतरांवरील असेच काम कुन्नूर येथे मॅकॅरिसन यांनीही केले. त्यांनी रुजविलेली संस्था १९५८ मध्ये आपल्या हैदराबादला आली. कोकणातल्या उकड्या तांदळात कोंड्यातील थायमिन उकडतानाच दाण्यात शिरते, म्हणून सडूनही ते पुष्कळसे टिकते. आपण मात्र शुभ्र तांदूळ चार पाण्यांनी धुतो आणि वर पेजही ओतून देतो.