असत्यशोधक यंत्र व त्याचा परीक्षक

खोटें बोलतांना चेहरा उतरतो, घसा कोरडा पडतो आणि छाती धडधडूं लागते, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव. त्याला यंत्राची जोड मिळाली ती अमेरिकेंत. १९२१ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथील पोलीस खात्यांत जॉन लार्सन यांनीं, प्रश्नोत्तरें चालू असतां मनुष्याचा रक्तदाब व श्वासोच्छ्वास अखंड नोंदविणारें यंत्र सिद्ध केलें. हाच पॉलिग्राफ.

परंतु हें यंत्र खोटें पकडतें, असें म्हणणें बरोबर नाहीं. यंत्र टिपतें ती शरीराची खळबळ. ती अपराधाच्या जाणिवेची कीं निरपराध मनुष्याच्या भीतीची, हें कागदावरील रेघ सांगत नाहीं. तें ठरवितो परीक्षक. त्याच्या एका शब्दावर दुसऱ्याची अब्रू व भाकरी अवलंबून असते. तेव्हां त्याच्यावर अंकुश कोणाचा, हा प्रश्न ओघानेंच आला.

अमेरिकेंतील अनेक संस्थानांनीं परवान्याचा उपाय योजला. ठराविक शिक्षण घेतल्यावांचून हा व्यवसाय कोणास करतां येऊं नये, असा त्या कायद्यांचा आशय. १९८८ सालचा मध्यवर्ती कायदा याच्याही पुढें गेला. खासगी मालकानें नोकरावर ही परीक्षा लादूं नये, असा सर्वसाधारण निर्बंध त्यानें घातला. जे मोजके अपवाद ठेवले, त्यांतही परीक्षा ९० मिनिटांच्या आंत उरकूं नये, परीक्षकानें दिवसांत ५ हून अधिक परीक्षा घेऊं नयेत व निदान ५०,००० डॉलरांचा जामीन अथवा तितकाच विमा ठेवावा, असे नियम केले.

सरकारी नोकर मात्र या संरक्षणाबाहेर राहिले. त्यांच्यासंबंधीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००३ सालच्या अहवालांत एक हिशेब मांडला. १०,००० नोकरांत १० हेर आहेत असें धरलें आणि त्यांतील ८ सांपडावेत इतकी परीक्षा कडक केली, तर यंत्राची अचूकता उदारपणें गृहीत धरूनही सुमारें १,६०० निर्दोष माणसें त्यांच्याबरोबर दोषी ठरतात. परीक्षकाच्या भिंतीवरील परवान्यानें हा हिशेब पालटत नाहीं.

भारतांत विचार झाला तो परीक्षा देणाऱ्याच्या बाजूनें. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानें २००० सालीं नियम सुचविले कीं, आरोपीची संमति मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवावी व त्याला वकिलाचा सल्ला मिळावा. पुढें ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यांत निर्णय दिला कीं, अशी परीक्षा सक्तीनें घेणें म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनादत्त हक्काचा भंग होय. संमतीनें घेतलेल्या परीक्षेचा निष्कर्षही स्वतः पुरावा ठरत नाहीं. तिच्या आधारें पुढें एखादी वस्तु वा माहिती हातीं लागली, तर तेवढीच न्यायालयापुढें येऊं शकते.

दोन्ही देशांच्या अनुभवाचें तात्पर्य एकच. परीक्षकाला परवान्याचें बंधन अवश्य असावें. त्यानें भोंदूगिरीला आळा बसतो. परंतु ज्याच्या दंडाला यंत्राचा पट्टा बांधावयाचा, त्याला नकार देण्याचा हक्क उरला, तरच त्या बंधनाला अर्थ आहे.