मत कोठें जातें?



मतमोजणी आटोपून गुलाल उधळला गेला, कीं सर्वांचें लक्ष विजयी उमेदवाराकडे लागतें. पराभूताच्या वांट्यालाही थोडीफार सहानुभूति येते. पण ज्या मतदारांनीं त्या पराभूतास मत दिलें, त्यांच्या मतांचें पुढें झालें काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज आपण तोच प्रश्न विचारणार आहों. आणि त्याचें उत्तर शोधण्यास पुण्याच्या एखाद्या प्रभागाइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं.

आपल्या महानगरपालिकेंत प्रभागाचा आकार वारंवार बदलत आला आहे. २००२ सालीं एका प्रभागांतून तीन सभासद निवडले गेले, २००७ सालीं एक, २०१२ सालीं दोन, तर २०१७ सालीं बहुतेक प्रभागांतून चार. १५ जानेवारी २०२६ रोजीं झालेल्या निवडणुकींतही ४१ प्रभागांतून १६५ सभासद निवडावयाचे होते, म्हणजे बहुतेक मतदारांनीं चार वेळां बटण दाबलें. एका प्रभागास चार प्रतिनिधि मिळतात म्हटल्यावर कोणासही असें वाटेल, कीं प्रभागांत जितक्या प्रकारचें मत आहे, तितक्या प्रकारचे प्रतिनिधि त्यांतून निवडून येत असतील. चार बोटें आहेत, तर एखादें तरी आपलें असेल!

परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. प्रभागांतील चार जागा अ, ब, क आणि ड अशा वेगवेगळ्या असतात. स्त्रिया, अनुसूचित जाति व इतर वर्ग यांचें आरक्षण त्या जागांना लागूं होतें, आणि प्रत्येक जागेसाठीं मतदाराला एकच मत असतें. म्हणजे ही एक निवडणूक नसून एकाच मतदारवर्गांत एकाच दिवशीं झालेल्या चार निवडणुका होत. समजा, हजार मतदारांपैकीं ५५० एका पक्षाच्या बाजूचे आहेत व ४५० दुसऱ्याच्या, आणि सर्वजण आपापल्या पक्षाला धरून मतें देतात. मग अ जागा पहिल्या पक्षास जाईल, ब जाईल, क जाईल आणि डही जाईल. साडेचारशे मतदारांनीं अठराशे मतें दिलीं आणि त्यांच्या पदरांत एकही जागा पडली नाहीं. जागा एकाच्या चार केल्यानें अल्पमताला वाव मिळाला असें नव्हे. त्याचा पराभव मात्र चौपट झाला.

ह्यावर उपाय काय, हा विचार ह्या शहराला नवा नाहीं. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं येरवड्यास जो करार झाला, त्याला पुणें करार हें नांव आपल्याच शहरानें दिलें आहे. त्या करारानें अस्पृश्य वर्गासाठीं प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा राखून ठेवल्या, त्यांपैकीं १५ मुंबई प्रांतांत. पण मतदारसंघ संयुक्त ठेवले. जागा राखीव, मतदार सर्वांचे. तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढें जो प्रश्न उभा राहिला तो असा : राखीव जागेवरचा मनुष्य शेवटीं कोणाच्या मतांनीं निवडून येणार?

उत्तर मत देण्याच्या रीतींत होतें. अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदाराला जितक्या जागा तितकीं मतें दिलीं आणि एका उमेदवारास एकच मत देण्याचें बंधन घातलें, तर बहुसंख्यांक समाज साऱ्याच जागा ठरवितो, राखीव जागाही. पण तींच मतें एकावरच ओतण्याची मोकळीक दिली, तर हिशेब पालटतो. तीन जागांचा मतदारसंघ घ्या. मतदार सातशे एका बाजूचे, तीनशे दुसऱ्या बाजूचे. पहिल्या रीतीनें सातशे मतदारांचे तिन्ही उमेदवार प्रत्येकीं सातशे मतें घेऊन निवडून येतात. दुसऱ्या रीतीनें तीनशे मतदार आपलीं नऊशे मतें एकाच उमेदवाराच्या पारड्यांत टाकतात. सातशे मतदारांचीं एकवीसशे मतें तिघांत सारखीं वांटलीं, तर प्रत्येकास सातशेंच मिळतात. तिघांनाही नऊशेंच्या वर नेणें त्यांना शक्य नाहीं. तीनशेंचा मनुष्य आंत येतो. हीच एकवट मतदानाची पद्धति.

१९३७ सालच्या निवडणुकींत मुंबई प्रांतांत हीच पद्धति चालली. बाबासाहेब मुंबई शहराच्या भायखळा-परळ मतदारसंघांतून उभे होते. त्यांचे प्रतिस्पर्धी होते बाळू पालवणकर. पुण्याच्या क्रिकेट मैदानावर खेळपट्टीची निगा राखतां राखतां ज्यांच्या हातांत चेंडू आला आणि जे हिंदुस्थानांतील थोर गोलंदाज झाले, तेच हे बाळू. बाबासाहेबांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५.

पंधरा वर्षांनीं, १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, बाबासाहेब उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघांतून लोकसभेसाठीं उभे राहिले. मतदाराला दोन मतें होतीं, पण दोन्ही एकाला देण्याची मुभा आतां नव्हती. नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मतें मिळालीं व बाबासाहेबांना १,२३,५७६. केवळ मतदानाच्या रीतीमुळें हा पराभव झाला असें मी म्हणणार नाहीं. निवडणुकीला अनेक कारणें असतात. पण पुढची गोष्ट लक्षांत घ्या. त्याच वर्षीं ते मुंबई राज्याकडून राज्यसभेवर गेले, आणि राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर होते. १९४६ सालीं बंगालमधून ते घटनासमितींत गेले, तेही ह्याच तत्त्वावर. जनतेच्या दरवाजानें ज्यास आंत येतां आलें नाहीं, त्यास प्रमाणाच्या दरवाजानें येतां आलें.

ह्या दरवाजाची कळ कशी फिरते, हें आपल्याच राज्यांत अलीकडे दिसलें आहे. १० जून २०२२ रोजीं महाराष्ट्रांतून राज्यसभेच्या सहा जागांसाठीं सात उमेदवार उभे होते. मतदार म्हणजे विधानसभेचे सभासद; त्यांचीं २८४ मतें ग्राह्य ठरलीं. प्रत्येक मताचें मोल शंभर धरतात, म्हणजे एकूण २८,४००. जागांच्या संख्येंत एक मिळवून, म्हणजे सातानें, भागावयाचें आणि येणाऱ्या पूर्णांकांत एक मिळवावयाचा. कोटा आला ४,०५८. साडेचाळीस सभासदांहून किंचित् अधिक. ज्याला हा कोटा मिळाला तो निवडून आला, आणि त्याच्यापाशीं कोट्याहून अधिक असलेलें मोल वायां न जातां मतदारानें लिहिलेल्या दुसऱ्या पसंतीकडे वाहूं लागतें. त्या दिवशीं पहिल्या पसंतीचीं ३३ मतें मिळालेला उमेदवार पडला आणि २७ मिळालेला निवडून आला. ऐकणाऱ्यास हें उफराटें वाटेल. पण एकाच पक्षाच्या दोघां उमेदवारांना ४८-४८ मतें होतीं आणि त्यांचें शिलकी मोल तिसऱ्याकडे गेलें, हें समजलें कीं कोडें सुटतें. मत तेथें थांबत नाहीं. त्याला पुढें जाण्याची वाट असते.

आतां थोडें जपानकडे पाहूं. १९९३ पर्यंत त्या देशाच्या कनिष्ठ सभागृहासाठीं बहुतेक मतदारसंघांतून तीन ते पांच सभासद निवडले जात, पण मतदाराला मत मात्र एकच असे. त्यामुळें मोठ्या पक्षाला एकाच ठिकाणीं आपले अनेक उमेदवार उभे करावे लागत आणि ते परस्परांशींच झुंजत. पक्षांतर्गत तट आणि पैसा यांना त्यांतून ऊत आला. १९९४ सालीं कायदा बदलला आणि १९९६ पासून नवी व्यवस्था आली. आज ४६५ जागांपैकीं २८९ एकेका सभासदाच्या मतदारसंघांतून भरल्या जातात आणि उरलेल्या १७६ अकरा मोठ्या विभागांतून. शिकोकु विभागास सहा जागा आहेत, तर किंकी विभागास अठ्ठावीस. मतदार दोन मतपत्रिका आपल्या हातानें लिहितो : एकीवर उमेदवाराचें नांव, दुसरीवर पक्षाचें.

पक्षांच्या मतांना एक, दोन, तीन अशा आंकड्यांनीं क्रमानें भागतात आणि सर्वांत मोठ्या भागाकारांना जागा देतात. सहा जागांच्या विभागांत तीन पक्षांना अनुक्रमें एक लाख, सत्तर हजार व तीस हजार मतें मिळालीं असें समजा. पहिल्याचे भागाकार एक लाख, पन्नास हजार, तेहतीस हजार. दुसऱ्याचे सत्तर, पस्तीस हजार. तिसऱ्याचा तीस हजार. जागांची वांटणी होते तीन, दोन, एक. पुण्याच्या प्रभागांत ज्या पक्षाचे तीस हजार मतदार रिकाम्या हातानें परतते, त्यांचा तेथें एक प्रतिनिधि असतो.

दोष नाहींत असें नाहीं. पक्षाची यादी पक्ष करतो; मतदाराला माणूस निवडतां येत नाहीं. शिवाय जपानांत एकाच व्यक्तीला दोन्हीकडे उभें राहतां येतें, त्यामुळें आपल्या मतदारसंघांत लोकांनीं नाकारलेला मनुष्य यादीच्या आधारानें पुन्हां सभागृहांत येऊन बसतो. आणि सर्वांत वजनदार आक्षेप स्वतः बाबासाहेबांचाच आहे. ४ जानेवारी १९४९ रोजीं घटनासमितींत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली, तेव्हां त्यांनीं तिला विरोध केला. ही पद्धति साक्षर मतदार गृहीत धरते, आणि तिच्यामुळें कायदेमंडळ लहानलहान गटांत फुटून सरकार अस्थिर होईल, असें त्यांचें म्हणणें होतें. ज्या मनुष्यानें अल्पसंख्यांकांसाठीं मतांच्या रीतीचा इतका बारकाईनें विचार केला, त्यानेंच राष्ट्राच्या सरकारासाठीं ती नाकारली, हें विसरून चालणार नाहीं.

परंतु हा आक्षेप लोकसभेला जितका लागूं पडतो, तितका प्रभागाला पडतो काय? महानगरपालिकेच्या सभागृहांत मंत्रिमंडळ बनत नाहीं. तेथें पाणी, कचरा, रस्ते, नदीकांठ यांचे प्रश्न येतात. त्या प्रश्नांवर पेठेंतल्या वाड्यांत राहणाऱ्याचें मत निराळें असतें आणि टेकडीवरील वस्तींत राहणाऱ्याचें निराळें. प्रभाग मोठा करून त्याला चार जागा दिल्या, तर ह्या दोघांनाही आंत घेण्याची सोय आपण अर्धी केलेलीच आहे. अर्धी मात्र राहिली आहे. चार जागांची एकच निवडणूक झाली आणि मतें प्रमाणानें मोजलीं, तर पांचव्या हिश्शाहून किंचित् अधिक मतदार एक प्रतिनिधि निवडूं शकतील. आरक्षण त्या रीतींत कसें बसवावयाचें, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. पण आरक्षण आणि प्रमाण यांची सांगड घालण्याचा विचार ह्याच शहराच्या नांवाच्या करारांतून पुढें आला होता, हें ध्यानांत ठेवावें.

प्रभागांत जागा एक असाव्या कीं चार, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आणि पुढेंही होईल. माझी विनंती इतकीच, कीं त्या वादांत जागांच्या संख्येबरोबर मोजणीच्या रीतीचाही विचार व्हावा. पुढच्या वेळीं प्रभागरचनेवर हरकती व सूचना मागविल्या जातील, तेव्हां सीमारेषा कोठून जाते एवढेंच न विचारतां आपलें मत कोठें जातें, हेंही कोणीतरी लेखी विचारावें.