मोरारजी आणि खानदेशचे सोने

(नरडाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



नरडाण्याहून रेल्वेने सुरतेस जावे आणि तेथून दक्षिणेकडे वळावे, म्हणजे वलसाड लागते. त्याजवळच्या भदेली गावी २९ फेब्रुवारी १८९६ रोजी मोरारजी देसाई जन्मले. मराठी माणसाला हे नाव गोड लागत नाही. ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर झालेला गोळीबार आपण विसरलेलो नाही, विसरूही नये. परंतु आज बोलायचे आहे ते अर्थमंत्री मोरारजींविषयी.

१९५८ साली त्यांच्याकडे अर्थखाते आले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर परकीय चलनाचा खडखडाट होता, सोन्याची चोरटी आयात चालूच होती. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले. नवा दागिना चौदा कॅरटच्या वर घडवायचा नाही! आपल्याकडे कपाशीचे पैसे हाती आले की शेतकरी जळगावच्या सराफाची पायरी चढतो. ही केवळ हौस नव्हे. ज्या काळी खेड्यात बँक नव्हती, त्या काळी लेकीसुनांच्या अंगावरचे सोने हीच त्याची ठेव होती. मोरारजींना त्यात फक्त निपचित पडलेला पैसा दिसला. सुवर्णकारांच्या भट्ट्या विझल्या, पिढीजात कारागीर देशोधडीला लागले. चोरटी आयात मात्र थांबली नाही. हेतू शुद्ध होता, पण माणसे न पाहता केलेला तो नियम होता, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली. तरी १९६८ मध्ये, उपपंतप्रधान व अर्थमंत्री असताना, त्यांनी नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच करून घेतला!

आता याच हट्टाची दुसरी बाजू पाहा. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी अर्थखाते काढून घेतले. उपपंतप्रधानपद शाबूत होते. मोरारजींनी तेही सोडले. लगोलग चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आणीबाणीत एकोणऐंशी वर्षांच्या या वृद्धास स्थानबद्ध केले गेले. संघावर बंदी होती, हजारो स्वयंसेवक गजाआड होते. मोरारजी बधले नाहीत. जानेवारी १९७७ मध्ये सुटले आणि २४ मार्चला पंतप्रधान झाले. अटलजी त्यांचे परराष्ट्रमंत्री होते. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. त्याच वर्षी सरकारी सोन्याचे लिलाव झाले. अर्थमंत्र्याची नजर काही सुटली नव्हती! जुलै १९७९ मध्ये सत्तेची चढाओढ आणि दुहेरी सदस्यत्वाचा वाद यांत ते सरकार गेले.

सुवर्णनियंत्रणाचा कायदा रद्द झाला १९९० मध्ये. तेव्हा अर्थमंत्री होते मधू दंडवते, मोरारजींच्याच मंत्रिमंडळातले रेल्वेमंत्री. मोरारजी त्या वेळी चौऱ्याण्णव वर्षांचे होते.