वतन आणि मामलत
(कारंजा लाड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कळवा असा चालकांचा निरोप आला, तेव्हा मी एका पोर्तुगीज फुटबॉलपटूचे नाव सांगितले, आणि दूरध्वनीच्या पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. गुरुमंदिराच्या आणि कापसाच्या या गावात त्या परमुलुखातल्या गड्याचे काय काम, हा त्या मौनाचा अर्थ मला कळला. परंतु ज्यांच्या भाषेतून 'पगार', 'चावी' आणि 'मेस्त्री' हे शब्द आपण कधी उचलले हेही आपल्याला आठवत नाही, त्यांच्यातलाच एक माणूस २०१८ साली मुंबईत मेस्त्रीपणा करून पगार घेण्यास आला असेल, तर त्याची हकिगत महाराष्ट्रात सांगण्यास निराळी सनद लागू नये.

त्याचे नाव जॉर्ज कोस्टा. जन्म १४ ऑक्टोबर १९७१, पोर्तो शहरी. धंदा मध्यवर्ती बचावपटूचा, म्हणजे वेशीवरच्या पहाऱ्याचा. आपल्या गावाला दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस अशा चार वेशी आहेत, म्हणून ही गोष्ट आपणांस समजावून सांगण्यास मला श्रम पडणार नाहीत. वेशीवरच्या शिपायाने घोडेस्वारामागे धावत सुटायचे नसते. त्याने आपली जागा धरून, येणाऱ्याच्या पावलांवर नजर ठेवून, तो कोणत्या अंगाने आत घुसणार याचा अदमास बांधावयाचा असतो, आणि बांधलेला अदमास चुकला तर मग अंगावर घाव घ्यावयाचा असतो. कोस्टाने हे दोन्ही केले. पोर्तोच्या लोकांनी त्याला 'बिशू', म्हणजे जनावर, असे लाडाचे नाव ठेवले होते. लाडाची नावे सर्व देशांत अशीच असतात.

१९९१ साली लिस्बनमध्ये, लाखाहून अधिक प्रेक्षकांच्या समोर, पोर्तुगालच्या तरुण संघाने ब्राझीलला पेनल्टीवर हरवून वीस वर्षांखालील जगज्जेतेपद मिळविले, त्या संघात फिगो आणि रुई कोस्टा यांच्या बरोबरीने हाही होता. पुढे १९९२पासून २००५पर्यंत, मधला एक मोसम वगळता, तो पोर्तो या एकाच संघाकडून खेळला. आठ वेळा देशाची अजिंक्यपदे, पाच वेळा देशाचा चषक, आणि राष्ट्रीय संघातर्फे पन्नास सामने, ही त्याची जमाबंदी. नोव्हेंबर १९९६मध्ये मिलानविरुद्धचा सामना संपल्यावर मैदानाबाहेर जाणाऱ्या बोळात मिलानच्या जॉर्ज वेआने डोक्याने धडक देऊन त्याचे नाक फोडले. कोस्टाने वर्णद्वेषाचे शब्द उच्चारले असा वेआचा आरोप होता, कोस्टाने तो साफ नाकारला, आणि युरोपीय महासंघाने सहा सामन्यांची बंदी घातली ती वेआवर. या तंट्याची रुजवात करण्याचा अधिकार मजकडे नाही. फिर्यादी आणि आरोपी या दोन्ही भूमिका एकाच वेळी दोघांच्या वाट्याला आलेला असा खटला खेळाच्या दप्तरात विरळा, एवढेच म्हणतो. २००२च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध चेंडू त्याच्याच अंगाला लागून स्वतःच्या जाळ्यात गेला, हेही त्याच दप्तरात नोंदलेले आहे. बचावपटूचे एकशे एक यशस्वी पहारे कोणी मोजत नाही आणि एक दरोडा मात्र कोणी विसरत नाही.

मधला वगळलेला मोसम २००१-०२चा. प्रशिक्षक ऑक्तावियो मशादूशी बिनसले आणि कर्णधाराला लंडनच्या चार्ल्टन संघाकडे उसना धाडण्यात आले. त्याला परत बोलावून कर्णधारपद देणारा माणूस म्हणजे जोझे मौरिन्यू. बॉबी रॉब्सन हा इंग्रज प्रशिक्षक पोर्तोत असताना हा मौरिन्यू त्याचा दुभाषी होता, म्हणजे कोस्टाला कानी पडणारे हुकूम त्याच्या तोंडून येत असत. स्वतः नाव घेण्याजोगा खेळाडू नसलेला हा दुभाष्या पुढे मुख्य कारभारी झाला, आणि २६ मे २००४ रोजी गेल्सेनकिर्खेन येथे मोनाकोचा तीन गोलांनी पराभव करून युरोपचा सर्वश्रेष्ठ करंडक पोर्तोने जिंकला तेव्हा तो उंचावण्याचा मान कर्णधार कोस्टाचा होता. दुभाष्याची बुद्धी आणि शिपायाची छाती यांचे असे जमलेले दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

इथपर्यंतचे त्याचे आयुष्य हे वतन होते. पेशवाईच्या अमदानीत वतनदार आणि मामलेदार यांच्यात जो भेद होता, तोच फुटबॉलमध्ये थोर खेळाडू आणि संघाचा प्रशिक्षक यांच्यात आहे. वतनदाराचा हक्क जमिनीला चिकटलेला; मामलेदार मात्र सालाबाद हिशेब रुजू करील तोवर खुर्चीवर, आणि वसूल कमी पडला की त्याच्या जागी दुसरा. २००६ साली बेल्जमच्या स्टँडर्ड लिएज संघातून निवृत्त होऊन कोस्टाने मामलत पत्करली, आणि जो माणूस एका वेशीवर तेरा वर्षे उभा होता तो गावोगाव फिरू लागला. ब्रागा झाले, ओल्यांव या कोळ्यांच्या गावचा संघ त्याने २००९मध्ये चौतीस वर्षांनी पहिल्या श्रेणीत आणला, मग कोइंब्रा, रुमानिया, सायप्रस, गॅबन, फ्रान्स. रुमानियातील क्लुजची हकिगत तर आपल्या महसूल खात्यात शोभेल: २०१२च्या एप्रिलात, मोसमाची अखेर दिसू लागली असता, त्याला बडतर्फ केले, जागी आन्दोने आला, आणि त्याच मोसमाचे अजिंक्यपद क्लुजने जिंकले. नांगरट एकाची, खळे दुसऱ्याचे.

ऑगस्ट २०१८मध्ये मुंबई सिटी संघाने त्याला नेमले. आरंभ असा झाला की ऑक्टोबरात गोव्याने फातोर्डा येथे पाच गोलांनी सपशेल हरविले. त्यानंतर मात्र ओळीने नऊ सामने तो संघ हरला नाही. सेनेगलचा मोदू सूगू, ज्याच्याशी त्याचा परिचय कोइंब्रा आणि क्लुज येथपासूनचा, त्याने डिसेंबरात केरळच्या संघावर एकट्याने चार गोल केले आणि सामना सहा विरुद्ध एक असा सुटला.

९ मार्च २०१९ रोजी गोव्याविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना होता, आणि त्या सुमारास मी अंधेरीस माझ्या भाच्याकडे मुक्कामाला असल्यामुळे शहाजीराजे क्रीडासंकुलात जाऊन बसलो. माझ्या जागेवरून कोस्टाची पाठच तेवढी दिसत होती. राफाएल बास्तोसने मुंबईचा पहिला गोल केला तेव्हा शेजारचे एक गृहस्थ शेंगदाण्याची पुडी उडवून उभे राहिले आणि निम्मे दाणे माझ्या सदऱ्यात गेले. मग गोव्याच्या जॅकिचंदने बरोबरी केली, आणि पाठोपाठ त्याच संघाच्या मोर्तादा फॉल या बचावपटूने एक नव्हे, दोन गोल केले; म्हणजे ज्याचे काम गोल अडविण्याचे, त्यानेच बचावाच्या आचार्याची वेस फोडली. सामना पाच विरुद्ध एक असा गोव्याने जिंकला. त्या गृहस्थांनी शेवटी शेंगदाण्याची सालेसुद्धा टाकली नाहीत, मुठीत घट्ट धरून बसले. तीन दिवसांनी गोव्यात जाऊन मुंबईने एक गोलाने सामना जिंकला. पण तो वसूल थकबाकीत जमा झाला.

दुसऱ्या मोसमातल्या अपयशाचे कारण शोधताना मी वऱ्हाडकरांना एक जुनी आठवण करून देतो. निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली या मुलखाने भोगली आहे. रयतेने कोणाला मुजरा करावा हे जिथे रोज ठरवावे लागते, तिथे कारभार कसा चालतो हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. प्रशिक्षकाची सत्ता स्वभावतः दोअमलीच असते: मैदानावर त्याची मुखत्यारी, खजिन्यावर मालकाची. त्यातही नोव्हेंबर २०१९मध्ये, म्हणजे मोसम चालू असताना, सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईच्या संघाची पासष्ट टक्के मालकी घेतली. २१ फेब्रुवारी २०२० रोजी बाद फेरीची जागा ठरविणारा अखेरचा सामना चेन्नईविरुद्ध अंधेरीतच झाला, आणि एकमेव गोल केला तो लुचियन गोयान या बचावपटूने, जो आदल्याच मोसमात कोस्टाच्या हाताखाली खेळत होता. मुंबई पाचवी आली. मार्चमध्ये कोस्टाची मुदत संपविण्यात आली, आणि त्याच्या मागून आलेल्या सर्जिओ लोबेराने पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळविले. क्लुजचीच पुनरावृत्ती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण न्यायाने बोलावयाचे तर लोबेराच्या वेळी तिजोरीची किल्ली निराळ्या हाती होती.

त्याच्या मामलतीच्या हिशेबात मोठी शिल्लक दिसत नाही, हे मी लपविणार नाही. तो थोर प्रशिक्षक नव्हता. मात्र पडत्या आणि लहान संघांची कामे त्याने कमीपणा न मानता घेतली. २०२४मध्ये एव्हीएस या नवख्या संघाला पहिल्या श्रेणीत नेले, तेव्हा युरोपचा करंडक उंचावून त्याला वीस वर्षे झाली होती.

त्याच उन्हाळ्यात पोर्तोचा नवा अध्यक्ष आंद्रे व्हिलास-बोआस याने त्याला संघाच्या फुटबॉल विभागाचा संचालक म्हणून परत बोलाविले. ५ ऑगस्ट २०२५ रोजी ओलिव्हालच्या सराव-केंद्रातच हृदयक्रिया बंद पडून तो वारला; वय ५३. गमावलेले वतन परत मिळाल्यावर त्याचा उपभोग त्याला जेमतेम सव्वा वर्ष घेता आला.