मुलांस व्यसनापासून राखावयाचें कसें?
(वागळे इस्टेट, ठाणें येथील कामगार-वस्तींत केलेलें भाषण)



१९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. त्याच्या आरंभींच्या वसाहतींतील ही एक. घाटावरचे व कोंकणांतले शेतकरी, सुतार, लोहार येथें कामास आले. आज आईबाप दोघेंही पाळीवर गेलीं, कीं घरीं पोरांस पुसणारें कोणी उरत नाहीं. तेवढ्यांत गांजा, खोकल्याचें औषध, पंक्चरचें सोल्युशन, एमडी ह्यांची वाट दाखविणारा भेटतो.

पोर बिघडलें म्हणजे आपण संगतीस बोल लावितों. पण घर सोडून तें त्या संगतीकडे कां गेलें, हें कोणी पुसावयाचें?

अमेरिकेंतील डायना बॉमरिंड ह्या विदुषीनें मुलें वाढविण्याच्या तऱ्हा तपासल्या : नुसता धाक, नुसते लाड, दुर्लक्ष, आणि मायेसह पक्का नियम. १९९१ सालच्या तिच्या अभ्यासांत ह्या शेवटल्या तऱ्हेचे आईबाप मुलांस व्यसनापासून वांचविण्यांत विशेष यशस्वी ठरले. तीं घरें सुखवस्तु होतीं. पण आपला अनुभव निराळा आहे काय?

दावें आंखूड बांधलें तर बैल तें तोडतो; मोकळा सोडला तर परक्याच्या पिकांत शिरतो; वैरणीवांचून ठेवला तर खंगतो. दावें बेताचें व वैरण वेळेवर, हीच राखण. आणि पोर तर माणूस आहे. त्यास नियमाचें कारणही सांगावें लागतें.

"हाडें मोडीन" म्हटल्यानें पोर व्यसन टाकीत नाहीं, खोटें बोलावयास शिकतें. पैसे देऊन मोकळा होणारा बाप हिशेब विचारीत नाहीं. आणि जो स्वतः गुत्त्यांतून झोकांड्या खात येतो, त्याच्या उपदेशाची किंमत पोर ओळखतें.

म्हणून दिवसांतून एकदां तरी एकत्र जेवा. कोठें होतास, कोणाबरोबर होतास, हें पुसा व उत्तर पुरें ऐका. घरीं परतण्याची वेळ ठरवा. ती आपणही पाळा.

व्यसन लागलेंच असेल तर लोकलाजेस्तव झांकूं नका. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांत ६४-अ कलम आहे. सेवनाच्या किंवा थोडा माल बाळगल्याच्या गुन्ह्यांतील व्यसनी आपण होऊन मान्य दवाखान्यांत उपचार पुरा करील, तर त्यावर खटला चालत नाहीं. १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनीं पुण्यांत मुक्तांगण काढलें. तेथें व्यसनास आजार समजून उपचार होतो. सरकारचा फुकट दूरध्वनि १४४४६ आहे.

भगताच्या गंड्या-अंगाऱ्यांत पैसा घालूं नका. तो उपचारास लावा, आणि पोराबरोबर आपण स्वतः जा.