कॅनडातलं कायम वास्तव्य आणि मुलांचं शुल्क

मुलाबाळांसह कॅनडात कायमचं स्थायिक होऊ पाहणाऱ्यांनी एक फरक आधी समजून घ्यावा. तिथे अर्जाचं शुल्क वेगळं आणि कायम वास्तव्याच्या हक्काचं शुल्क वेगळं. हक्काचं हे शुल्क १९९५ साली सुरू झालं तेव्हा ९७५ डॉलर होतं; २००६ मध्ये ते जवळपास निम्म्यावर आलं आणि एप्रिल २०२४ पासून ५७५ डॉलर झालं. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलांना ते माफ आहे. आश्रय मिळालेल्या निर्वासितांनाही माफ आहे, आणि ते योग्यच आहे.

म्हणून मुलाचा अर्ज फुकट होतो असं नाही. कौशल्याच्या आधारे केलेल्या अर्जात २०२४च्या दराने प्रत्येक मुलामागे २६० डॉलर भरावे लागत. बोटांच्या ठशांचे पैसे वेगळे; १४ वर्षांखालच्या मुलांना त्यातून सूट.

खरी काळजी घ्यायची ती वयाची. मूल २२ वर्षांखालचं आणि अविवाहित हवं. हे वय साधारणपणे परिपूर्ण अर्ज पोहोचतो त्या दिवशीचं धरतात. एखादा कागद राहिला, अर्ज परत आला आणि तेवढ्यात बाविसावा वाढदिवस उलटला, तर मुलाचं नाव कुटुंबाच्या अर्जातून गळू शकतं. आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे बाविशीच्या आधीपासून आईवडिलांवर विसंबून असलेल्यांना मात्र वयाची ही अट लागू नाही.