वस्ती बदलली ती दोन वर्षं
(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचं लिखित रूप)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘आपला परिसर : तेव्हा आणि आता’. ‘तेव्हा’बद्दल बोलणारे माझ्यापेक्षा चांगले लोक इथे बसले आहेत. भारतमातेचा पडदा, गणेश गल्लीतली रात्र, केईएमच्या फाटकावरचा चहा, हे तुम्ही जेवताना एकमेकांना सांगालच. मी पेशाने स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारती तपासायच्या आणि त्या किती दिवस उभ्या राहतील ते सांगायचं, हे माझं काम. म्हणून मी मधल्या एका तुकड्याबद्दलच बोलणार आहे : मार्च २०२० पासूनची दोन वर्षं. परळ-लालबाग-नायगावच्या खिडक्यांतून आज जे दिसतं, त्यातलं बरंचसं त्या दोन वर्षांत, आपण घरात बसलेले असताना ठरलं, असं माझं मत झालं आहे.

या स्मरणिकेसाठी पत्ते गोळा करायचं काम आमच्या वर्गातल्या दोघींनी केलं. त्यांनी यादी मला दाखवली. मागच्या मेळाव्याच्या यादीत ४०००१२ आणि ४०००१४ हे पिनकोड इतके होते की पोस्टमनला यादी पाठ झाली असती. या वेळी ४२१ आणि ४०१ ने सुरू होणारे पत्ते भरपूर आहेत. बदलापूर, डोंबिवली, विरार. काही नावांपुढे ‘तात्पुरता पत्ता’ असं लिहिलं आहे, आणि हे ‘तात्पुरता’ काहींच्या बाबतीत पाच-सहा वर्षांचं आहे. गिरण्यांच्या संपानंतर माणसं गेली, मॉल आल्यावर गेली, हे खरं. पण यातले बरेच जण संपातही इथेच राहिले होते.

थोडं मागे जाऊ. इतिहासाच्या सरांची परवानगी आहे असं धरतो. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग आहे, हे ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. मूळचे गोव्याचे. त्या साथीत लाखो लोक मुंबई सोडून पळाले, व्यापार बसला, आणि सरकारला दाट वस्तीची भीती बसली. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याच्या कॉलन्या, तिथले रुंद रस्ते आणि आपल्या परळच्या बीआयटी चाळी ही त्या ट्रस्टची कामं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं त्याच बीआयटी चाळीत राहिले. प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली, ती अजून तिथेच आहे. म्हणजे आपण ज्या भागात वाढलो, त्याचा मोठा हिस्सा एका साथीने घडवला आहे.

त्या ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. इमारतीच्या भिंतीच्या पायथ्यापासून वर पाहिलं तर साडेत्रेसष्ट अंशांच्या रेषेवर आकाश मोकळं असलं पाहिजे, समोरच्या भिंतीने ते अडवता कामा नये. गणिताच्या बाई समोर आहेत, म्हणून हिशोब सांगतो : या कोनाचा टॅन जवळजवळ दोन येतो. समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर मोकळं सोडायचं. खालच्या मजल्यावरच्या माणसालाही उजेड आणि हवा मिळावी एवढाच हेतू. ट्रस्टवर टीकाही भरपूर झाली आणि ती योग्यच होती. त्यांनी जितक्या लवकर खोल्या पाडल्या तितक्या लवकर बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिली. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

मग १९२० साली डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट आलं, म्हणजे आपली बीडीडी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा बेत कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा होता. झाल्या सुमारे सोळा हजार. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गाला ३२, शिवडीला १२. तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला भाडं परवडेना म्हणून कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या, आणि वरळीच्या चाळींचा मिठाच्या सत्याग्रहात चक्क तुरुंग केला होता. लालबागच्या खासगी चाळींना निदान गॅलरी असते. बीडीडीत मधोमध लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं आणि टोकाला सामायिक संडास-मोऱ्या. तिथे राहणाऱ्या आमच्या मित्राकडे आम्ही दुपारी अभ्यासाला जायचो, तेव्हा पॅसेजमधला दिवा दुपारीही लावलेला असायचा.

आता २०२० वर येतो. त्या एप्रिल-मे महिन्यांत चाळीत जे राहिले त्यांना मी काय वेगळं सांगणार? पण जे तेव्हाच फ्लॅटमध्ये गेले होते त्यांच्यासाठी सांगतो. ‘घरी राहा, अंतर ठेवा’ असं टीव्हीवर सांगत होते तेव्हा चाळीतल्या माणसाला दिवसातून दोन-चार वेळा तरी घराबाहेर पडावंच लागत होतं, कारण संडास बाहेर होता. एका मजल्याने वेळापत्रक केलं होतं : प्रत्येक खोलीला पंधरा मिनिटं, जाताना स्वतःची बादली, आल्यावर ब्लीचिंगचं पाणी टाकायचं. आठ दिवस नीट चाललं. नवव्या दिवशी एका आजोबांचं पोट बिघडलं आणि वेळापत्रक संपलं. कोणी रागावलंही नाही. कुणाचा तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह यायचा, पालिकेची माणसं येऊन फवारणी करायची, जिन्याला बांबू बांधले जायचे. मग मजल्यावरचे इतर लोक त्या घराचा डबा दाराबाहेर स्टुलावर ठेवायचे. हे दोन्ही एकाच चाळीत, एकाच दिवशी चालू होतं : ज्या सामायिक जागेची भीती वाटत होती, तीच जागा माणसाला जेवायला घालत होती.

आकडेही हेच सांगतात. जुलै २०२० मध्ये पालिकेने नीती आयोग आणि टीआयएफआर यांच्याबरोबर तीन वॉर्डांत रक्ताची तपासणी केली. त्यातला एक आपल्या शेजारचा एफ-उत्तर, म्हणजे माटुंगा-वडाळा. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, बाकीच्या वस्तीत १६ टक्के. एका रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे इतका फरक. त्याचं एक मोठं कारण सामायिक संडास हे होतं.

त्या वर्षी लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही, मंडळाने आरोग्योत्सव केला. कोकणात जायचं तर दहा दिवस विलगीकरण. लोकल बंद. ज्यांची नोकरी गेली त्यांनी गावचं घर उघडलं, काही तिकडेच राहिले. आणि एप्रिल २०२१ ची लाट आली. त्या लाटेत आपले कोण गेले ते या स्मरणिकेच्या दुसऱ्या पानावर आहे. मी ती नावं इथे वाचणार नाही, मला जमणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट फार गुपचूप घडली. वर्षानुवर्षं ‘आम्हाला हलायचं नाही’ म्हणणारी माणसं हलायला तयार झाली. बीडीडीच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ मध्येच झालं होतं. सर्वेक्षणाला विरोध झाला, कामं रखडली. वरळीत प्रत्यक्ष कामाचा आरंभ झाला १ ऑगस्ट २०२१ ला. खासगी चाळींतही तेच. ज्या इमारतींच्या सभांना मी दहा वर्षं जात होतो, जिथे खुर्च्या फेकण्यापर्यंत मजल जायची, तिथे लॉकडाऊननंतर एकच वाक्य ऐकू यायचं : ‘इंजिनिअर साहेब, घरात संडास मिळणार ना? मग पुढचं बोला.’ मी त्यांना नावं ठेवणार नाही. चाळीच्या आठवणींवर ज्यांना गहिवरून येतं, त्यांनी मे २०२० मध्ये बादली घेऊन त्या रांगेत उभं राहायला हवं होतं. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणं ही न्यायाचीच गोष्ट आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यातल्या एका घरात मी चहा प्यायलो. वहिनींनी मला आधी बाथरूम दाखवलं, मग हॉल.

माझा आक्षेप निर्णयावर नाही, तो ज्या रीतीने झाला त्यावर आहे. एकत्र जमायला बंदी होती. सभा ऑनलाइन, आणि निम्म्या म्हाताऱ्यांकडे बटणाचा फोन. संमतीपत्राचा नमुना व्हॉट्सॲपवर यायचा, सही करून फोटो काढून परत पाठवायचा. शेजाऱ्याला ‘तू काय करतोयस’ एवढं विचारायलाही दार उघडावं लागायचं. आणि बिल्डरला तेव्हाच घाई होती, कारण सरकारने सप्टेंबर २०२० पासून मुद्रांक शुल्क मुंबईत पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं होतं, नंतर मार्चअखेरपर्यंत तीन. जानेवारी २०२१ मध्ये बांधकामावरचे प्रीमियम २०२१ च्या अखेरपर्यंत निम्मे केले, अट अशी की घर घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं. बांधकाम धंदा बुडू नये म्हणून हे करणं भाग होतं, मजुरांचं पोट त्यावरच होतं, हे मला मान्य आहे. पण प्लेगनंतर चर्चा झाली ती दोन भिंतींमधल्या अंतराची. या वेळी चर्चा झाली दरांची. आज मोकळी जागा कमी सोडायची असेल तर तिचाही प्रीमियम भरता येतो. परवा मी एका पुनर्वसन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर लिफ्टसमोरच्या लॉबीला एकही खिडकी नाही. दिवा दुपारीही लावलेला.

आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. आपल्या वर्गातल्या एका मित्राची चाळ साथीच्या आधी रिकामी झाली होती. घरभाडं बिल्डर देत होता. एप्रिल २०२० मध्ये ते थांबलं, ‘अपरिहार्य परिस्थिती’ असं पत्र आलं. मे महिन्यात महारेराने प्रकल्पांची मुदत सहा महिने वाढवून दिली, पुढच्या वर्षी पुन्हा. इमारतीला मुदत मिळते. भाड्याच्या घराचा मालक मुदत देत नाही. तो मित्र दादर सोडून कल्याणला गेला, तिथून बदलापूरला. आज सकाळी सहाला निघून इथे पोचला आहे, मागे उभा आहे. त्याच्या करारात घरभाड्याची हमी कुठेच नव्हती. भाड्याने जागा घेऊन खानावळ चालवणाऱ्या ताई, पोटभाडेकरू, माळ्यावर झोपणारी गावची पोरं, यांची नावं तर कुठल्याच यादीत नव्हती. त्यांची संमती कोणी मागितली नाही, कारण ती लागतच नव्हती.

इथे असे कितीतरी जण आहेत ज्यांची इमारत आता पुनर्विकासाला जाते आहे. त्यांना कामाचं सांगतो. पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत करून घ्या, साध्या कागदावरची पत्रं कपाटात ठेवायच्याच लायकीची असतात. घरभाड्यासाठी बँक गॅरंटी मागा, आणि साथ, टाळेबंदी, न्यायालयीन स्थगिती यांत भाडं थांबणार नाही हे वाक्य लिहून घ्या. ‘अपरिहार्य परिस्थिती’ या कलमात काय काय मोजलं आहे ते वाचा. चटईक्षेत्रावर महिनोन्महिने भांडता, तसं एक दिवस नकाशावर भांडा : लॉबीला खिडकी आहे का, शेजारच्या टॉवरपर्यंत अंतर किती, मजल्यावर चार माणसं खुर्च्या टाकून बसू शकतील एवढी जागा आहे का, आणि सफाईला येणाऱ्या बाईंसाठी व वॉचमनसाठी संडास कुठे आहे. शेवटचा प्रश्न विचारला की बिल्डरचा माणूस हसतो. हसू द्या. पुन्हा विचारा.

ज्यांनी करार बरोबर आणला आहे, आणि चौघांनी आणला आहे असं मला कळलं, त्यांनी जेवणानंतर भूगोलाच्या खोलीत या. मी तिथे चारपर्यंत आहे. शेवटच्या पानावर सही झाली नसेल तर आधी या, म्हणजे काहीतरी करता येईल.